‘दर इतक्या वर्षांनी’ म्हणजे नेमकं किती?

मे महिना उतरणीला लागला की आमच्याकडे पंचांग दोन कामांसाठी उघडतं. एक, उरलेल्या लग्नतिथी. दुसरं, मृगाचं वाहन. बेडूक किंवा हत्ती निघाला तर कास्तकार खूश, कोल्हा निघाला तर पारावर चर्चा लांबते. हे वाहन ठरतं कसं, ते मात्र फारसं कुणी विचारत नाही. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून तिथपर्यंत मोजायचं आणि आलेल्या आकड्याला नऊने भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन उरली तर कोल्हा, तीन उरली तर बेडूक, काहीच उरलं नाही तर हत्ती. ढग, वारा, समुद्र यांपैकी कशाचाही या भागाकाराशी संबंध नाही. म्हणूनच २०५० सालच्या मृगाचं वाहन आज बसल्या बसल्या काढता येतं, आणि येत्या २० जूनला वावरात ओल किती असेल हे काढता येत नाही.

गंमत अशी की दोन्ही गोष्टींबद्दल आपण एकाच तऱ्हेने बोलतो. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो, दुष्काळ चार-पाच वर्षांनी येतो, बांबूला चाळीस वर्षांनी फुलोरा येतो, असा महापूर शंभर वर्षांतून एकदा येतो. बोलण्याची ढब एकच, पण प्रत्येक वेळी त्या आकड्याचा अर्थ वेगळा असतो, आणि तो न कळल्यामुळे पेरणीपासून प्लॉट खरेदीपर्यंत बरेच निर्णय चुकतात.

सगळ्यात भरवशाचे आकडे आभाळातले. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत आटोपतात आणि सूर्याच्या वर्षाला ३६५ लागतात. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती साठत साठत बत्तीस-तेहतीस महिन्यांत महिनाभराची होते, मग पंचांगात एक जादा महिना घालून हिशोब जुळवतात. १९ वर्षांत असे सात महिने घालावे लागतात, कारण १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्र महिने यांची लांबी जवळपास सारखी आहे. फरक अवघ्या काही तासांचा. त्यामुळे २००४ साली अधिक श्रावण होता तसाच २०२३ सालीही होता. २००७ चा अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये परत. ज्यांनी २००७ ला नव्या जावयासाठी अनारसे तळले, त्यांना आता नातवंडांचाही वाटा धरावा लागणार.

ग्रहणांचंही असंच आहे, फक्त त्यांचा फेरा १८ वर्षं ११ दिवस आणि वर आठ तासांचा. ११ जुलै १९९१ चं खग्रास सूर्यग्रहण, २२ जुलै २००९ चं आणि २ ऑगस्ट २०२७ चं ही एकाच मालिकेतली. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पहिलं मेक्सिकोत दिसलं, दुसरं मध्य भारतातून गेलं आणि तिसरं इजिप्तवरून जाईल.

पण आभाळातही सगळं जागच्या जागी नसतं. पृथ्वीचा आस अतिशय सावकाश घुमतो. एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. याचा परिणाम असा की नक्षत्रं आणि ऋतू यांची जोडी दर ७२ वर्षांनी साधारण एका दिवसाने सरकते. आज सूर्य मृगात ७-८ जूनला जातो. दीड हजार वर्षांपूर्वी, म्हणजे वराहमिहिराच्या काळात, तो आजच्या कॅलेंडरच्या हिशोबाने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच मृगात शिरत होता. ऋतू नक्षत्रांकडे पाहून ठरत नाहीत. ते पृथ्वीचा कल आणि सूर्य यांवर ठरतात, आणि पाऊस त्या मागोमाग येतो. म्हणजे मृग आणि पेरणी यांची गाठ आज बरी बसते खरी, पण ती कायमची बांधलेली नाही. आणखी हजार वर्षांनी सूर्य मृगात जाईल तेव्हा जूनचा तिसरा-चौथा आठवडा असेल. तेव्हाच्या म्हणी बदललेल्या असतील, असं आपलं मला वाटतं.

सूर्यावरचे डाग अकरा वर्षांनी वाढतात हेही आपण ऐकलेलं असतं. जर्मनीतल्या हाइनरिश श्वाबे नावाच्या औषधविक्रेत्याने सतरा वर्षं सूर्य न्याहाळून १८४३ साली ते मांडलं. तो खरं तर बुधाच्या आतल्या बाजूला एखादा ग्रह सापडतो का ते शोधत होता. हे अकरा म्हणजे सरासरी. प्रत्यक्षात एखादा फेरा नऊ वर्षांत संपतो, एखादा चौदापर्यंत लांबतो. डागांवरून पाऊस सांगण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, कास्तकाराच्या उपयोगाचं काही हाती लागलं नाही.

पावसाचे फेरे

पावसाळा दरवर्षी येतो, एवढं पक्कं. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, वाऱ्यांची दिशा फिरते, बाष्प आत ओढलं जातं, आणि जूनच्या मध्याला ते विदर्भात पोचतं. तारीख आठ-दहा दिवस पुढेमागे होते, पण फेरा चुकत नाही.

आपलं मरण असतं ते या मोठ्या फेऱ्याच्या पोटातल्या छोट्या फेऱ्यांत. जूनमध्ये दोन चांगले पाऊस होतात, पेरणी उरकते, कोंब वर येतात आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं. दुबार पेरणीचं संकट बहुतेक वेळा इथूनच येतं. हा खंड म्हणजे निव्वळ नशिबाचा फेरा नव्हे. विषुववृत्ताजवळ ढगांचा एक प्रचंड पट्टा हिंदी महासागरापासून पूर्वेकडे सरकत साधारण ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला वळसा घालतो. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या दोन शास्त्रज्ञांनी तो १९७१ साली ओळखला. पट्टा आपल्या बाजूला असला की पाऊस जोर धरतो, पुढे निघून गेला की उघाड पडते. हवामान खातं दोन ते चार आठवड्यांचा अंदाज देतं त्याला अशा फेऱ्यांचा मोठा आधार असतो. पण ३० आणि ६० मध्ये दुपटीचा फरक आहे. ‘मागचा खंड १० जुलैला लागला होता, म्हणजे पुढचा अमुक तारखेला’ असं मांडता येत नाही.

आणि मग तो एल निनो. दोन ते सात वर्षांनी येतो असं सांगतात. प्रशांत महासागरात विषुववृत्तावर वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेलं वरचं पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटून ठेवतात. तिथे हवा उंच चढते, ढग होतात. काही वर्षी हे वारे मंदावतात. कोमट पाणी उलटं दक्षिण अमेरिकेकडे पसरतं, हवा वर चढण्याची जागा त्याच्याबरोबर पूर्वेला जाते आणि आपल्या बाजूला हवा खाली बसू लागते. खाली येणारी हवा ढग वाढू देत नाही. पश्चिमेला पुरेसं गरम पाणी साठायला काही वर्षं लागतात, म्हणून एल निनो सहसा दरवर्षी येत नाही. साठल्यानंतर तो सुटायला मात्र वाऱ्याचं एखादं निमित्त लागतं, आणि ते केव्हा मिळेल याला वेळापत्रक नाही. उलट बाजूची, पावसाला सहसा पोषक असलेली ला निना २०२० ते २०२२ अशी सलग तीन वर्षं मुक्कामाला होती.

ही सगळी शोधाशोध आपल्या दुष्काळांतूनच सुरू झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८९९ चा छप्पन्या दुष्काळ वऱ्हाडानेही भोगला. त्यानंतर काही वर्षांनी, १९०४ मध्ये, गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख होऊन आला. त्याला हवामानशास्त्राचा अनुभव नव्हता, पण आकड्यांचं अंग होतं. जगभरच्या ठाण्यांवरून हवेचा दाब, पाऊस, तापमान यांच्या नोंदी मागवून त्याने कारकुनांच्या फौजेला हिशोबाला बसवलं. त्यातून त्याला दिसलं की प्रशांत महासागरातला आणि हिंदी महासागराच्या बाजूचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा खालीवर होतो. १९२४ मध्ये त्याने याला नाव दिलं, त्याच वर्षी तो भारतातून निवृत्त झाला. समुद्राच्या गरम पाण्याशी या पारड्यांची सांगड याकोब ब्यर्कनेसने घातली ती १९६९ साली.

आता गंमत पाहा. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सगळ्यात जबर एल निनोंपैकी एक. त्या वर्षी देशात मोसमी पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा एल निनो त्यामानाने मध्यम होता. पाऊस झाला ८१ टक्के, आणि जुलै महिन्यात तर सरासरीच्या निम्म्याच्या आसपास. गरम पाणी प्रशांत महासागरात नेमकं कुठे जमतं आणि त्याच वेळी हिंदी महासागराची स्थिती काय असते, यावर पुष्कळ अवलंबून असतं. शिवाय ८१ टक्के हा देशाचा आकडा. त्याच्या पोटात तुमचा तालुका कुठे बसतो हा प्रश्न उरतोच. म्हणून टीव्हीवर ‘एल निनो आला’ ऐकून कुणी लगेच सोयाबीन रद्द करत असेल, तर मला ती घाई वाटते. दुष्काळाची शक्यता वाढली, एवढाच त्या बातमीचा अर्थ. तेवढ्यावर सगळं वावर एकाच पिकाखाली न टाकता तूर वाढवणं, पेरणीला पुरेशी ओल होईपर्यंत थांबणं, हे मात्र शहाणपणाचं.

महिन्याचा फेरा: बोंडअळी

विदर्भात ज्या चक्राने सगळ्यात जास्त पैसा बुडवला ते ना आभाळातलं आहे ना समुद्रातलं. ते पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बोंडातलं आहे.

ऑगस्टमध्ये पऱ्हाटीत फिरताना एखादं फूल नीट उमललेलं दिसत नाही. पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या असतात. ही डोमकळी. ती बोटांनी उकलली की आत पांढुरकी, काळसर डोक्याची बारीक अळी सापडते. गुलाबी ती नंतर होते. पुढे ती बोंडात शिरते, शिरल्याचं भोक बुजून जातं, आणि बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं. नुकसान कळतं ते वेचणीच्या वेळी: रुई पिवळी, सरकी पोखरलेली, हाती कवडी.

अंडं, अळी, कोष, पतंग हा फेरा साधारण महिनाभराचा. गरमीत लवकर उरकतो, थंडीत लांबतो. अळीला तारखा कळत नाहीत, तिला तापमान कळतं. एक मादी शंभरावर अंडी घालते. त्यातल्या पाचच माद्या जगल्या असं धरा. महिन्याने पाच, दोन महिन्यांनी पंचवीस, तीन महिन्यांनी सव्वाशे, चौथ्या महिन्याला सव्वासहाशे. ऑगस्टमध्ये ‘कुठे दिसत नाही’ म्हणून सोडून दिलेली अळी नोव्हेंबरात सगळीकडे का असते, याचं उत्तर या गुणाकारात आहे. म्हणूनच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायला सांगतात आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की उपाय सुरू करा म्हणतात. तो आकडा पहिल्या-दुसऱ्या पिढीला गाठण्यासाठी आहे. चौथ्या पिढीत सापळे मोजून उपयोग नाही.

दिवस लहान झाले, थंडी पडली की शेवटच्या पिढीच्या बऱ्याचशा अळ्या कोषात न जाता झोपी जातात. दोन सरक्या एकमेकींना जोडून त्यांच्यात दडून राहतात, काही महिने. अडकलेली बोंडं, धुऱ्यावर रचलेली पळाटी, जिनिंगमधली सरकी ही त्यांची घरं. उन्हाळा संपता संपता त्यांचे पतंग बाहेर पडतात, आणि पतंगाचं आयुष्य थोड्या दिवसांचं. त्या दिवसांत त्यांना कळी किंवा फूल मिळालं नाही तर फेरा तिथेच तुटतो. बियाणं फार लवकर विकू नका, हंगामापूर्वी कापूस लावू नका, असा जो आग्रह राज्यात धरला जातो त्यामागचं कारण हेच. आणि फरदडीवरचा राग याच कारणाने. डिसेंबरनंतर पाणी देऊन मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला झोपायची गरजच उरत नाही. तिचा महिन्याचा फेरा चालूच राहतो आणि पुढच्या हंगामाची सुरुवात शून्यापासून होत नाही.

२०१७ साली यवतमाळपासून अख्ख्या कापूसपट्ट्यात जे झालं त्याच्या मागे हा न तुटलेला फेरा होता, आणि जोडीला बीटी वाणाला, म्हणजे बोंडअळीला मारक केलेल्या कपाशीला, सरावलेली अळी. फरदड घेणारा कास्तकार अडाणी असतो असं मात्र नाही. विहिरीला पाणी आहे, भाव वाढतोय, डोक्यावर कर्ज आहे; मार्चमध्ये दोन क्विंटल जादा कापूस कुणाला नको असतो? अडचण अशी की एकट्याने फरदड सोडूनही भागत नाही. शेजारच्या वावरातला पतंग धुरा बघून थांबत नाही. गावाने मिळून जानेवारीत पऱ्हाट्या काढल्या, उरलेल्या बोंडांवर शेळ्या-मेंढ्या सोडल्या, तरच महिनाभराच्या या फेऱ्याला पाच-सहा महिन्यांची खीळ बसते.

संत्र्याच्या बागेत आपण याच्या उलट करतो. चक्र तोडत नाही, आपल्या सोयीने चालू करतो. नागपुरी संत्र्याला फूल येतं ते तारखेवर नव्हे, ताणावर. वरुड-मोर्शी किंवा काटोलकडे डिसेंबरात पाणी तोडतात, पानं मलूल होऊन थोडी गळू देतात आणि जानेवारीत पुन्हा पाणी सोडतात. त्यावर आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलोरा, फुटतो. मृग बहारासाठी ताण उन्हाळा देतो आणि पाणी जूनचा पाऊस. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून ताण जास्त दिवस लागतो. मे महिन्यात अवकाळी पाऊस ठोकला की ताण मोडतो आणि मृग बहार हुलकावणी देतो. वर्षातून एकदा येणारी गोष्ट इथे झाडाच्या तहानेने ठरते.

बांबू कसा मोजतो

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातला मानवेल बांबू साधारण २५ ते ४५ वर्षांत एकदाच फुलतो. फुलोरा आला की सगळं बेट पिवळं पडतं, गव्हासारखं दिसणारं बी खाली सांडतं आणि बेट मरतं. एकाच बियाण्याच्या पिढीतली बेटं जंगलभर जवळपास एकदम फुलतात; त्यातला कंद खणून दुसरीकडे लावला तरी तो बहुधा त्याच सुमाराला फुलतो. म्हणजे मोजणी बाहेरच्या पावसात नाही, झाडाच्या आत आहे. पेशी ती कशी ठेवतात, हे अजून नीट उलगडलेलं नाही. एकदम फुलण्याचा फायदा मात्र समजण्यासारखा आहे: उंदीर-घुशींनी, पाखरांनी कितीही खाल्लं तरी एवढं बी संपत नाही.

पण खाणारेही त्या मेजवानीवर वाढतात. मिझोराममध्ये ‘मुळी’ जातीचा बांबू ४८ वर्षांनी फुलतो. १९५८-५९ च्या फुलोऱ्यानंतर उंदरांनी शेतं फस्त केली, दुष्काळ पडला, मदत अपुरी पडली. त्या रोषातून उभ्या राहिलेल्या दुष्काळ निवारण संघटनेची पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ मध्ये बंड झालं. पुढचा फुलोरा ठरल्याप्रमाणे २००६ च्या सुमारास आला, तेव्हा सरकारने आधीच तयारी केली होती. अमेरिकेतले काही रातकिडे तर जमिनीखाली १३ किंवा १७ वर्षं काढून एकदम वर येतात. शेजारी राहणाऱ्या अशा दोन टोळ्या १८०३ नंतर थेट २०२४ मध्ये एका वर्षी निघाल्या, कारण १३ गुणिले १७ म्हणजे २२१.

शंभर वर्षांतला पूर

आणि आता असा आकडा, ज्याच्या मागे चक्रच नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्याखाली घातली. अशा पुराला ‘शंभर वर्षांतला पूर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चला, आता नातवांच्या काळापर्यंत चिंता नाही. इंजिनिअरच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच असतो की असा पूर येण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का आहे. यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी ती एकच टक्का राहते. नदीकडे मागचा हिशोब नसतो. तीस वर्षांचा विचार केला तर किमान एकदा तरी असा पूर बघण्याची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारात एक.

तेही नोंदी पुरेशा लांब असतील आणि पाऊस पूर्वीसारखाच पडत राहील असं धरून. नोंद चाळीस-पन्नास वर्षांची असली तर शंभर वर्षांचा आकडा ओढूनताणून काढलेला असतो, आणि एक मोठा पूर त्या नोंदीत शिरला की अख्खं गणित बदलतं.

महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची, निळी पंचवीस वर्षांच्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, म्हणून प्लॉट विकणारा सांगतो की आपला लेआउट रेषेच्या बाहेर आहे, पंचवीस वर्षं बघायचं काम नाही. रेषेला अगदी खेटून असलेल्या प्लॉटवर वीस वर्षांचं गृहकर्ज काढून घर बांधलं, तर कर्ज फिटायच्या आत पाणी उंबऱ्याला लागण्याची शक्यता ५६ टक्के निघते.